घरटी एक जवान : लष्करात सक्तीची भरती असावी का?

पारावरचे बोलणे

२०२५ सालचा मे महिना आठवा. ऊन मी म्हणत होते. ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या गावी परतल्या होत्या. २२ एप्रिलला काश्मिरात पहलगाम येथे अतिरेक्यांनी २६ माणसे मारली होती. ७ मेच्या पहाटे आपल्या सैन्याने पाकिस्तानात आणि पाकव्याप्त काश्मिरात अतिरेक्यांच्या तळांवर हल्ले केले. सरहद्दीवरच्या गावांवर तोफगोळे पडले. १० मेला गोळीबार थांबला. ते चार दिवस साऱ्या देशाचा जीव टांगणीला लागला होता.

अशा वेळी गावोगावच्या पारावर एकच विषय असतो. आपण गेवराई तालुक्यातल्या उमापूरच्या पारावर बसलो आहोत, असे समजा. दिवस मावळला आहे. बोलणे चालू आहे. जरा कान देऊन ऐका.

एक तरुण म्हणतो, "आता घरटी एक माणूस लष्करात घ्यायलाच पाहिजे. कायदाच करा. इस्रायल देशात हाय की तसा!"

शेजारचे आबा म्हणतात, "पोरगं खरं बोलतंय. पोरांना शिस्त तरी लागंल. दिवसभर मोबाइल घेऊन बसत्यात."

तिसरा गडी म्हणतो, "आमचं पोरगं दोनदा भरतीला गेलं. दोन्ही वक्ताला माघारी आलं. जायला तयार हायेत त्यांना जागा न्हाई, आन् सक्ती कुणावर करता?"

एक मावशी किराणा घेऊन घरी निघालेल्या असतात. त्या थांबतात आणि म्हणतात, "माझं एकुलतं एक लेकरू हाय. त्याला नेलं तर सून कुणासंगं कोयता धरील? मुकादमाची उचल कोण फेडील? आन् खरं सांगा, पुढाऱ्याचं पोरगं जाईल का हो?"

पार गप्प होतो.

चौघांनी चार गोष्टी सांगितल्या. चारी बोलण्यांत काही ना काही खरे आहे. म्हणून या प्रश्नाचा आपण शांतपणे विचार करू या. लढाई पेटली की डोके तापते, आणि तापल्या डोक्याने केलेला कायदा पुढे वर्षानुवर्षे निस्तरावा लागतो.

सक्तीची भरती म्हणजे काय?

लष्करात माणूस दोन तऱ्हांनी जातो. एक, आपल्या खुषीने. तो अर्ज करतो, धावतो, छाती मोजून घेतो, डॉक्टरांची तपासणी होते, लेखी परीक्षा होते. त्यात उतरला तर तो शिपाई होतो. याला ऐच्छिक भरती म्हणतात.

दुसरी तऱ्हा सक्तीची. तिथे सरकार कायदा करते. अमुक वयाच्या प्रत्येक माणसाची यादी होते. यादीतल्या माणसाला बोलावणे येते. बोलावणे आले की जावेच लागते. नाही गेला तर दंड किंवा तुरुंग.

भारतात आज अशी सक्ती नाही. तिन्ही दलांत मिळून १४ ते १५ लाख माणसे आहेत. ती सगळी आपल्या खुषीने गेलेली आहेत. १४ जून २०२२ रोजी सरकारने 'अग्निपथ' योजना जाहीर केली. तीत अग्निवीर ४ वर्षांसाठी घेतात आणि त्यांतल्या २५ टक्क्यांपर्यंत मुलांना पुढे कायम ठेवतात. काही लोकांना ही योजना म्हणजे सक्ती वाटते. तसे नाही. अग्निवीरही अर्ज करूनच जातो.

इस्रायलमध्ये मुलगे आणि मुली दोघांनाही लष्करात जावे लागते. दक्षिण कोरियात मुलग्यांना जावे लागते. काही देशांनी सक्ती बंद केली होती आणि शेजारी लढाईचा धोका दिसताच ती परत आणली. लिथुआनिया देशाने २०१५ साली तसे केले. स्वीडनने २०१७ साली तसे ठरवले. म्हणजे पारावरच्या त्या तरुणाचा प्रश्न एकट्या उमापूरचा नाही. तो जगभर विचारला जात आहे.

पहिले महायुद्ध : कागदावर नव्हते, पण घडले

पहिले महायुद्ध १९१४ साली सुरू झाले. तेव्हा आपल्यावर इंग्रजांचे राज्य होते. इंग्लंडात आधी लोक आपखुषीने भरती झाले. पण माणसे मरू लागली, तशी माणसे कमी पडू लागली. म्हणून १९१६ साली इंग्लंडात सक्तीचा कायदा झाला.

१९१७ साली हिंदुस्थानातही एक कायदा झाला. तो इथे राहणाऱ्या युरोपियन ब्रिटिश पुरुषांवर सक्ती करणारा होता. हिंदी माणसावर सक्ती नव्हती. या युद्धात १० लाखांहून अधिक हिंदी माणसे समुद्रापार गेली. ७० हजारांहून अधिक माणसे परत आली नाहीत. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे या एका गावाची ४६ माणसे या युद्धात पडली. त्या गावाला आजही लोक 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात.

कागदावर सगळे ऐच्छिक होते. पण पंजाबात काय झाले ते पाहा. तिथे सरकारने गावागावांना आकडा ठरवून दिला : तुमच्या भागातून इतकी माणसे हवीत. मग अंमलदारांनी गावच्या मोठ्या माणसांवर दडपण आणले. मोठ्या माणसांनी ते खाली ढकलले. शेवटी ओझे कुणावर पडले? ज्याला 'नाही' म्हणता येत नव्हते त्याच्यावर.

म्हणून एक गोष्ट ध्यानात ठेवा. सक्ती नुसती कायद्यातच असते असे नाही. कायद्यात नसली तरी माणसांच्या दडपणाने ती येते. कायद्याची सक्ती निदान लिहिलेली असते. तिच्यावर कोर्टात भांडता येते. दडपणाची सक्ती लिहिलेली नसते, आणि तिची दाद कुठे मागायची हेही गरिबाला कळत नाही.

त्या वेळी लोकमान्य टिळकांचे म्हणणे काय होते? तरुणांनी लष्करी शिक्षण घ्यावे असे ते सांगत. पण त्यांची एक अट होती. लढायला आम्ही हवे, तर अधिकारही आमच्या हाती द्या. हिंदी माणसालाही लष्करात अधिकारी होता आले पाहिजे. १० जून १९१८ रोजी मुंबईला गव्हर्नरांनी युद्धाला मदत मिळवण्यासाठी सभा बोलावली. टिळक तिथे स्वराज्याची गोष्ट बोलू लागले. गव्हर्नरांनी त्यांना अडवले. तेव्हा टिळक सभा सोडून निघून गेले.

त्याच वर्षी त्यांनी गांधीजींकडे ५० हजार रुपयांचा चेक पाठवला. हिंदी लोकांना अधिकाऱ्याच्या जागा मिळतील असे वचन सरकारकडून आणा, मी महाराष्ट्रातून ५ हजार माणसे देतो, न दिली तर हे पैसे जप्त, असा तो करार होता. गांधीजींनी चेक परत केला. मदत करायची तर सौदा करू नये, असे त्यांचे मत होते. दोघेही देशाचे मोठे पुढारी, दोघांचीही देशभक्ती पक्की. तरी मते निराळी होती.

दुसरे महायुद्ध : एक युद्ध, अनेक मते

३ सप्टेंबर १९३९ रोजी इंग्लंड जर्मनीविरुद्ध लढाईत उतरले. त्याच दिवशी व्हाइसरॉयने हिंदुस्थानही लढाईत आहे असे जाहीर केले. इथल्या कोणत्याही लोकनियुक्त माणसाला विचारले नाही. म्हणून काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. त्यांचे म्हणणे साधे होते : लढाईत ढकलण्यापूर्वी आम्हांला विचारायला हवे होते.

विनोबा भावे यांचे मत त्याहून पुढचे होते. १७ ऑक्टोबर १९४० रोजी वर्ध्याजवळच्या पवनार येथे त्यांनी युद्धाविरुद्ध भाषण केले. सरकारच्या या लढाईला माणूस देऊ नका, पैसा देऊ नका, असे त्यांनी सांगितले. वैयक्तिक सत्याग्रहातले ते पहिले सत्याग्रही. सरकारने त्यांना तुरुंगात टाकले.

सावरकर नेमके उलट सांगत होते. तरुणांनो, लष्करात शिरा, शस्त्र चालवायला शिका, पुढे तेच उपयोगी पडेल, असे त्यांचे म्हणणे होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यापुढे वेगळाच प्रश्न होता. महार समाजाचे लोक पूर्वी कंपनीच्या लष्करात होते. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ स्वतः सुभेदार होते. पण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ साली महारांची एक पलटण उभी केली. गरज संपली, आणि १९२१ साली ती मोडून टाकली. म्हणून दुसऱ्या महायुद्धात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. ती आजही भारतीय सैन्यात आहे.

पाहा, केवढी गंमत आहे. काहींना नको असताना नेले जात होते. काहींना हवे असताना दारातून परत पाठवले जात होते. लष्करात जाणे हे काहींना ओझे होते, तर काहींना तो मानाचा हक्क होता.

या युद्धात हिंदी सैन्य २५ लाखांपर्यंत वाढले. सक्तीचा कायदा तेव्हाही झाला नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे यशवंत घाडगे १९४४ साली इटलीत एकटे शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यावर तुटून पडले आणि तिथेच धारातीर्थी पडले. नामदेव जाधव हे आपल्या बीडला लागून असलेल्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. त्यांनी १९४५ साली इटलीतच गोळ्यांच्या वर्षावातून जखमी सोबत्यांना उचलून आणले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस हे सर्वांत मोठे शौर्यपदक मिळाले. कुणी सक्ती केली म्हणून असे शौर्य अंगी येत नाही.

आपल्या मराठवाड्याची आठवण

इथे कुणी म्हणेल, "मग झाले तर! आपखुषीचे ते चांगले, सक्तीचे ते वाईट." पण इतके सोपे नाही. मराठवाड्याला हे वेगळे सांगायला नको.

१९४७-४८ साली आपला बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेव्हा रझाकारांनी गावोगाव धुमाकूळ घातला. जुनी माणसे त्या दिवसांच्या गोष्टी सांगत, तेव्हा ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येई. आता 'रझाकार' या शब्दाचा अर्थ काय? त्याचा अर्थ आहे स्वयंसेवक, म्हणजे आपल्या खुषीने काम करणारा! लातूरचा वकील कासिम रझवी त्यांचा पुढारी होता. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत भारताच्या सैन्याने हैदराबाद घेतले आणि रझाकारांचा जाच संपला.

यातून शिकायचे ते हे. हातात बंदूक घेणारा माणूस खुषीने आला की सक्तीने, एवढेच पाहून भागत नाही. तो कायद्याच्या ताब्यात आहे का, हे आधी पाहावे लागते. लढाईच्या दिवसांत पोरे म्हणतात, "आम्हीच काठ्या-तलवारी घेऊन निघतो." ते देशरक्षण नव्हे. देशाचे रक्षण देशाच्या सैन्याने, कायद्याखाली करायचे असते.

वेठ आणि देशसेवा : आपली घटना काय सांगते?

निजामाच्या राज्यात आणखी एक गोष्ट होती. ती म्हणजे वेठबिगार. सरकारी अंमलदार गावात आला की त्याचे सामान वाहायचे. देशमुखाच्या शेतात फुकट राबायचे. मजुरी नाही, आणि नाही म्हणायची सोय नाही. ही वेठ कुणाच्या नशिबी येई? गावातल्या गरिबाच्या, आणि त्यातही खालच्या मानलेल्या जातींच्या.

स्वतंत्र भारताची घटना २६ जानेवारी १९५० पासून लागू झाली. तिच्या २३ व्या कलमाने वेठबिगार बंद केली. कुणालाही वेठीला धरणे हा गुन्हा ठरला.

पण त्याच कलमाला दुसरा भाग आहे. तो फार थोड्यांना माहीत असतो. त्यात म्हटले आहे की, सार्वजनिक कामासाठी सरकार लोकांवर सक्तीची सेवा लादू शकते. म्हणजे लढाईच्या काळात सरकारला सक्तीची भरती करायची झाली, तर घटना आडवी येत नाही. मात्र संसदेला तसा कायदा करावा लागेल.

आणि तिथेच घटनेने एक अट घातली आहे. अशी सेवा लादताना केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग पाहून भेदभाव करता येणार नाही. अमक्या जातीची पोरे न्या आणि तमक्या जातीची सोडा, असे चालणार नाही. गरिबाचा न्या, श्रीमंताचा ठेवा, असेही चालणार नाही.

आता त्या मावशींचे बोलणे पुन्हा आठवा. "पुढाऱ्याचं पोरगं जाईल का हो?" मावशींनी घटना वाचलेली नसेल. पण त्यांनी विचारले ते घटनेत लिहिलेले आहे. सर्वांवर सारखी असेल तर ती देशसेवा. दुबळ्यावरच असेल तर ती वेठ. मग तिला गणवेश चढवला तरी ती वेठच.

१९७६ साली घटनेत नागरिकांची कर्तव्ये घालण्यात आली. देशाचे रक्षण करणे आणि बोलावणे येईल तेव्हा राष्ट्रसेवा करणे, हे त्यांतले एक कर्तव्य आहे. हक्क आणि कर्तव्य ही दोन्ही आपली आहेत.

१९६२ नंतर एकदा सक्ती करून पाहिली

१९६२ सालच्या ऑक्टोबरात चीनने आपल्यावर हल्ला केला. देशात आणीबाणी जाहीर झाली. लोकांनी अंगावरचे दागिने संरक्षण निधीला दिले. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांना पंडित नेहरूंनी संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे तेव्हा लोक म्हणत.

त्या वेळी लोकांचे मन तयार होते. तरीही सरकारने लष्करात सक्ती केली नाही. सैन्य सव्वाआठ लाखांपर्यंत वाढवायचे ठरले आणि ते ऐच्छिक भरतीनेच वाढवले.

सक्ती झाली ती एका लहान गोष्टीत. राष्ट्रीय छात्रसेना, जिला आपण एन.सी.सी. म्हणतो, ती १९४८ पासून होती. १९६३ साली ती कॉलेजातल्या मुलांना सक्तीची केली. हेतू चांगला होता. प्रत्येक शिकलेल्या मुलाला कवायत यावी, बंदूक धरता यावी. पण एकदम लाखो मुले आली. शिकवणारे कमी पडले. साहित्य कमी पडले. बरीच मुले हजेरीपुरती येऊ लागली. शेवटी १९६८ साली सक्ती काढून टाकली. १९६९ साली राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तीत मुले गावात जाऊन श्रमदान करतात. आज एन.सी.सी. आणि सेवा योजना दोन्ही ऐच्छिक आहेत, आणि पुष्कळ मुले-मुली हौसेने त्यांत जातात.

आबा म्हणाले, पोरांना शिस्त लागेल. शिस्त लागते हे खरे. पण शिकवणारा चांगला असेल आणि शिकणाऱ्याचे मन असेल, तेव्हा लागते. नुसता हुकूम काढून लागत नाही.

परदेशांत लोक काय म्हणाले?

सक्तीची भरती करावी का, हे खुद्द लोकांनाच मत टाकून ठरवू देणारा एक देश होऊन गेला. तो ऑस्ट्रेलिया. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, तिथल्या सरकारने लोकांना विचारले : परदेशी लढायला सक्तीने माणसे पाठवू का? लोकांनी मते दिली. 'नाही' म्हणणारे सुमारे ७२ हजारांनी जास्त निघाले. लढाई चालूच राहिली. १९१७ साली सरकारने पुन्हा विचारले. या वेळी 'नाही' म्हणणारे सुमारे १ लाख ६६ हजारांनी जास्त निघाले. आघाडीवरच्या सैनिकांनीही मते दिली होती. त्यांच्यातही हजारोंनी 'नाही' म्हटले. ते भित्रे नव्हते. ते स्वतः खंदकात होते. पण दुसऱ्याला ओढून आणावे, हे त्यांना पटले नाही.

अमेरिकेची गोष्ट निराळी. व्हिएतनामच्या युद्धात तिथे सक्तीची भरती होती. कॉलेजात शिकणाऱ्याला सवलत मिळे. कॉलेज कुणाला परवडते? ज्याच्या घरी पैसा आहे त्याला. म्हणून ओझे गरिबांच्या मुलांवर जास्त पडले. लोक चिडले. मोर्चे निघाले. मग १९६९ साली सरकारने चिठ्ठ्या टाकून जन्मतारखा काढल्या. ज्याची तारीख आधी निघेल त्याने आधी जायचे. तरीही लोकांचे समाधान झाले नाही. १९७३ साली सक्तीची भरती बंद झाली. पण तिथल्या १८ ते २५ वर्षांच्या पुरुषांना यादीत नाव मात्र आजही द्यावे लागते.

युक्रेनची गोष्ट तर आपल्या डोळ्यांपुढची आहे. तिथे २०१३ साली सक्तीची भरती बंद करायचे ठरले. दुसऱ्याच वर्षी रशियाशी तंटा पेटला आणि २०१४ साली ती परत आणावी लागली. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने मोठा हल्ला केला. १८ ते ६० वर्षांच्या पुरुषांना देश सोडायला बंदी झाली. पहिल्या दिवसांत तरुणांनी भरतीसाठी आपण होऊन रांगा लावल्या. देश वाचवायचा तर आपणच उभे राहिले पाहिजे, हे त्यांना कुणी सांगावे लागले नाही.

पण लढाई लांबली. पहिला जोर ओसरला. माणसे कमी पडू लागली. पैसेवाले लोक लाच देऊन 'हा आजारी आहे' असे दाखले घेऊ लागले. २०२३ सालच्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की यांनी भरती कचेऱ्यांचे सगळे विभागीय प्रमुख एका दमात काढून टाकले. २०२४ साली लढायला बोलावण्याचे वय २७ वरून २५ वर आणावे लागले.

युक्रेनकडे पाहून दोन गोष्टी कळतात. घर पेटले की सक्तीचा कायदा करावा लागतो, कारण तेव्हा दुसरा इलाज नसतो. आणि सक्तीच्या कायद्याला लाचेची कीड लागली, तर लोकांचा विश्वास उडतो.

थोडा हिशेब करू या

भारतात दरवर्षी २ कोटींहून अधिक मुले-मुली १८ वर्षांची होतात. त्यांतले निम्मे मुलगे धरा. म्हणजे १ कोटीच्या वर झाले. सारे सैन्य मिळून १४ ते १५ लाख. मग दरवर्षी साऱ्या सैन्याच्या सहा-सात पट पोरे शिकवायला घ्यावी लागतील. त्यांना राहायला बराकी हव्यात. जेवण हवे, कपडे हवेत, बंदुका हव्यात, शिकवणारे हवेत. शिकवायला कोण जाणार? सरहद्दीवरचे अनुभवी सुभेदार-हवालदारच ना? मग सरहद्दीवर कोण उभे राहणार?

इस्रायल लहान देश आहे. त्याची माणसेच थोडी. त्याला सर्वांना बोलवावे लागते. आपल्याकडे उलट आहे. २०२२ साली पहिल्या वर्षाला ४६ हजार अग्निवीर घ्यायचे ठरले. त्यासाठी लाखो मुलांनी अर्ज केले. पारावरचा तिसरा गडी म्हणाला तेच खरे. आपल्याला माणसांचा तुटवडा नाही.

मात्र इथेही थांबून विचार करा. पहाटे चार वाजता डांबरी रस्त्यावर धावणारी आपली पोरे पाहा. त्यांच्या मनात देश आहे, यात शंका नाही. पण घरी कोरडवाहू दोन एकर आहे, पाऊस दगा देतो, आणि दुसरे काम मिळत नाही, हेही त्यांच्या मनात आहे. ज्याच्यापुढे दुसरी वाटच नाही, त्याची खुषी कितपत मोकळी? म्हणून ऐच्छिक भरतीतही ओझे सर्वांवर सारखे पडते असे नाही. सक्तीच्या बाजूने बोलणारे लोक नेमके हेच सांगतात. ते म्हणतात, "सक्ती करा, म्हणजे बंगल्यातला आणि झोपडीतला एका रांगेत उभे राहतील. मग लढाईच्या गप्पा मारणाराही शंभरदा विचार करील." हे म्हणणे सहज उडवून लावता येणार नाही.

विरुद्ध बाजूचे लोक म्हणतात, "मनाविरुद्ध आणलेला शिपाई सोबत्यालाही धोका. आजची लढाई यंत्रांची आहे. ड्रोन, रडार, क्षेपणास्त्र ही कामे वर्षभराच्या शिक्षणात येत नाहीत. आणि कुणाच्या मनाला माणूस मारणे पटत नसेल, तर त्याला बंदूक धरायला लावणे हा न्याय आहे का?" हेही खरे आहे. त्यावर काही देशांनी वाट काढली आहे. अशा माणसाला ते दवाखान्यात किंवा मदतकार्यात सेवा करायला लावतात.

आपले मत कसे बनवावे?

मत बनवताना स्वतःला तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न : गरज खरी आहे का? शत्रू दारात आहे आणि माणसे कमी पडत आहेत, असे आहे का? की नुसता राग आला आहे? राग चार दिवसांत उतरतो. कायदा तसा उतरत नाही.

दुसरा प्रश्न : ओझे सर्वांवर सारखे पडेल का? कागदावर नव्हे, गावात. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. नवरा नेला की कोयता मोडला. मग उचल अंगावर राहते. पगारदाराच्या घरचा मुलगा गेला तर घरी चूल पेटते. ऊसतोड्याच्या घरचा गेला तर पेटेलच असे नाही. सक्ती करायची तर मागे राहिलेल्यांच्या पोटाची सोय त्याच कायद्यात हवी. एकुलत्या एका मुलाचे काय, म्हाताऱ्या आई-बापांचे काय, हेही त्यातच लिहिलेले हवे.

तिसरा प्रश्न : मी दुसऱ्याच्या पोराबद्दल बोलतो आहे, की माझ्या? "घरटी एक जवान द्या" असे म्हणताना आपल्या घरातला कोण, हे आधी मनात धरावे. त्याचे नाव घ्यावे. त्यानंतरही मत तेच राहिले, तर ते खरे मत.

मत बनले की ते सांगावेही. ग्रामसभा आहे. आमदार-खासदार मते मागायला येतात, तेव्हा त्यांना विचारता येते. उद्या असा कायदा संसदेत आला, तर आपला खासदार कोणत्या बाजूने हात वर करतो, ते पाहता येते. १९३९ साली आपल्याला कुणी विचारले नव्हते. आज विचारावेच लागेल. विचारले नाही, तर आपण विचारू शकतो.

देशासाठी काम करायला नुसती बंदूकच लागते असे नाही. मे २०२५ मध्ये देशभर नागरी संरक्षणाच्या कवायती झाल्या. भोंगा वाजला की काय करायचे, दिवे कसे मालवायचे, जखमीला कसे उचलायचे, हे लोकांना शिकवले. रक्त देणे, अफवा न पसरवणे, जवानाच्या घरची पेरणी अडली तर औत घेऊन जाणे, हीही देशसेवाच आहे. तिला कायदा लागत नाही.

पुन्हा पारावर

पारावर अंधार पडला आहे. मावशी अजून उभ्या आहेत. तो तरुण खाली मान घालून म्हणतो, "मावशी, मी घरटी एक म्हणालो, पन माझ्या घरून मीच जाईन. मी अर्ज भरलाय."

मावशी म्हणतात, "जा बाबा. खुशाल जा. तुझ्या आईला आम्ही हायेत. पन माझ्या लेकराला न्यायचं असंल, तर आधी मला इचारा. आन् मला इचारायच्या आधी मोठ्याच्या दारात जा."

आबा हसत नाहीत. ते नुसती मान हलवतात.

वाचून झाल्यावर आपसांत बोला

१. ऐच्छिक भरती आणि सक्तीची भरती यांत फरक काय?
२. वेठबिगार आणि सक्तीची देशसेवा यांत घटनेने कोणता फरक केला आहे?
३. १९६३ साली एन.सी.सी. सक्तीची केली. ती सक्ती पुढे का काढावी लागली असेल?
४. उद्या असा कायदा आला, तर आपल्या गावात कोणत्या घराला तो सर्वांत जड जाईल? त्या घरासाठी कायद्यात काय लिहिलेले असावे?
५. पारावरच्या चौघांपैकी तुम्हाला कुणाचे पटले? का?